मेळघाटातली गावं पाहायची आहेत, चिखलदऱ्याचे पॉइंट नाही

वणीवाला:
नमस्कार मंडळी. आमच्या घरी चिखलदरा म्हणजे पावसाळ्यातलं धुकं, भाजलेलं कणीस, भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट, शंभर फोटो आन रात्री घरी. यावेळी दिवाळीनंतर तीन-चार दिवस काढून रायलो, आई-बाबा सोबत हायेत, आईचे गुडघे दुखतात म्हणून लय चढ-उतार नको. मले पॉइंट नाई पायचे, त्या डोंगरातली गावं पायची हायेत, लोक कसे राहतात, बाजार कसा भरते, काय पिकते. गुगलवर पाह्यलं तर सगळीकडे तेच दहा पॉइंट आन रिसॉर्टच्या जाहिराती. कोणत्या रस्त्यानं जावं, मुक्काम कुठं करावा? सफारी झाली तर झाली, नाई तर नाई.

परतवाडा_डेपो:
या भाऊ, दिवाळीनंतरचा टाइम एकदम बरोबर हाय, हिरवं बी असते आन रस्ते बी वाळलेले असतात. सांगतो आता, लंबं होईन.

पह्यले डोक्यात नकाशा बसवा. मेळघाटचे दोन तालुके, चिखलदरा वर पठारावर आन धारणी पलीकडं खाली तापीच्या बाजूनं. मधात सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार ह्या नद्या, सगळ्या शेवटी तापीलेच मिळतात. परतवाड्याहून घटांगचा घाट चढला का एक रस्ता चिखलदऱ्याले जाते आन दुसरा सेमाडोह, कोलकास, हरिसाल करत धारणीले. बहुतेक लोक चिखलदऱ्यालेच वळतात आन तिथूनच वापस येतात, तुम्ही दोन्ही करा.

चिखलदरा गाव 1100 मीटरच्या वर हाय, विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, सुट्टीच्या दिवशी पार्किंगसाठी भांडणं होतात तिथं. पण गावाच्या बाहेर निंगाले की मोथा, शहापूर, आलाडोह, आमझरी अशी गावं हायेत, तिकडं गर्दी नसते. गवळी लोकांचा दुधाचा आन खव्याचा धंदा आहे, आमच्या परतवाड्याच्या मिठाईवाल्यांकडे खवा डोंगरावरूनच उतरते. मोथ्याकडे आता स्ट्रॉबेरी बी लावतात, पण ते फळ हिवाळ्यात पुढं येते, दिवाळीले गेले तर फक्त रोपं दिसतीन, मंग म्हणू नका का सांगितलं नाई. कॉफीची झाडं बी हायेत चिखलदऱ्यात, इंग्रजांच्या काळापासून.

गाविलगड किल्ला चिखलदऱ्याले लागूनच हाय. पूर्ण फिरायला लय चालणं हाय, आईले घेऊन जाऊ नका, बाबा जातीन तर दिल्ली दरवाज्यापर्यंत न्या, तिथचं कोरीव काम पायण्यासारखं हाय. आन किल्ल्याच्या उत्तरेले लबाडा म्हणून गाव हाय ते कोणी पाहत नाई. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला तेव्हा त्यायचा सेनापती वेलस्ली दक्षिणेकडून होता, पण खरी भिंत पडली ती उत्तरेकडून, त्यायचाच दुसरा अधिकारी स्टीव्हन्सन, त्याच्या फौजेनं तोफा डोंगरातून ओढत लबाड्यापर्यंत आणल्या होत्या. आजही तिकडले डोंगर पाह्यले तर वाटते का बाप्पा, ह्यानं तोफा कशा चढवल्या असतीन.

मुक्काम एक चिखलदऱ्यात, एक सेमाडोह नाई तर कोलकासले. वनखात्याच्या खोल्या हायेत, बुकिंग आधी करा, दिवाळीच्या सुट्टीत ऐन वेळी भेटत नाई. पेट्रोल परतवाड्यातच फुल करा. मोबाईल जंगलात जागोजागी बंद पडते, घरच्यायले आधीच सांगून ठेवा नाई तर ते पोलिसात जातीन.

निवृत्त_गुरुजी:
मी धारणी तालुक्यात शिक्षक होतो, आता अमरावतीत राहतो. वरच्या भाऊंनी पठार चांगलं सांगितलं, पण तुम्हाला "लोक कसे राहतात" हे पाहायचं असेल तर जास्त वेळ धारणीच्या बाजूला द्या. चिखलदऱ्याचा बाजार आता पर्यटकांचा झालाय, तिकडे मध्यमवर्गाला हवं ते मिळतं. धारणीचा, हरिसालचा, बैरागडचा बाजार अजून आदिवासींचा आहे.

दिवाळीनंतर म्हणता तर तुमचं नशीब चांगलं आहे, त्या आठवड्यांत आठवडी बाजारात घुंगरू बाजार भरतो. थाट्या म्हणजे गुरं राखणारी मंडळी, ती नटूनथटून येतात, बासरी, ढोल, कमरेला घुंगरू, आणि बाजारात नाचतात, दुकानदार त्यांना पैसे देतात. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी ते हरिसाल किंवा धारणीच्या चहाच्या टपरीवर विचारा, नेटवर विश्वास ठेवू नका. याहून मोठा सण म्हणजे होळी. कामासाठी बाहेर गेलेली अख्खी कुटुंबं होळीला परत येतात, मेघनाथची जत्रा असते, आणि पुढचे काही दिवस रस्त्यावर दोरी आडवी धरून नाचत फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. तेव्हा आलात तर सुट्टे पैसे ठेवा आणि हॉर्न वाजवू नका.

भाषेचं सांगतो. इथले आदिवासी मुख्यतः कोरकू, त्यांची कोरकू भाषा ही मराठीची बोली नाही की गोंडीसारखी द्रविडही नाही, ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडच्या मुंडारी-संथालीची नातेवाईक. वर्गात मी "पाणी" शिकवत होतो आणि पोरं घरी "डा" म्हणत होती. पहिल्या वर्षी पोरांपेक्षा मीच जास्त शिकलो. धारणीत हिंदी चालतं, मराठीपेक्षा जास्त, बऱ्हाणपूर जवळ आहे म्हणून.

कोरकूंचं जुनं गाव ओळखायला सोपं आहे, मधे लांब रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी, अंगण सारवलेलं. पण एक विनंती. थेट अशा गावात शिरून दारात उभं राहून फोटो काढू नका, पोरांना बिस्किटं वाटू नका. या भागावर पेपरात फक्त दोनच बातम्या येतात, वाघ आणि कुपोषण, आणि दोन्हीसाठी कॅमेरा घेऊन येणारी माणसं या लोकांनी खूप पाहिलीत. बाजारात या, काहीतरी विकत घ्या, मोहफुलं, कुटकी (बारीक भरडधान्य), बांबूची टोपली, मग माणसं आपोआप बोलतात.

बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी वर्षानुवर्षं दवाखाना चालवला, 2019 ला दोघांना पद्मश्री मिळाली. तिथं पर्यटन म्हणून जायचं नसतं, पण त्या रस्त्यानं एकदा गाडी चालवा म्हणजे कळेल आजारी माणसाला खाली आणणं काय असतं.

अकोटकर:
गुरुजी बरोबर बोलले. मी एकच ॲड करतो, परत जाताना त्याच घाटानं जाऊ नका, हरिसालवरून अकोटकडे उतरता येते, पूर्ण जंगलातून रस्ता हाय, पण तो व्याघ्र प्रकल्पातून जाते म्हणून चेकपोस्टवर टायमिंग विचारून घ्या आन अंधाराच्या आत उतरा. खाली आमच्या अकोट तालुक्यात तुम्हाले पुनर्वसनातली गावं दिसतीन, बोरी, कोहा, कुंड ही पह्यली, जंगलातून उठवून इकडं सपाटीवर बसवलेली. डोंगरातलं गाव पाह्यल्यावर हे बी पाहा, नाई तर अर्धीच गोष्ट कळते. शेत भेटलं, रस्ता भेटला, पण जंगल गेलं, म्हातारे लोक अजून बोलतात त्याच्यावर. वेळ असला तर नरनाळा किल्ला, पायथ्याले शहानूर गाव.

परतवाडा_डेपो:
@अकोटकर तो रस्ता लय भारी हाय पण आईचे गुडघे म्हणून रायले ते, खड्ड्यानं कंबर बी जाईन 😄 रस्त्याची हालत आधी विचारून घ्या, पावसाळ्यात उखडते आन दिवाळीपर्यंत सगळा दुरुस्त झाला अशी गॅरंटी नाई.

आन एक राह्यलं. उन्हाळ्यात येऊ नका म्हणून सांगून द्या दोस्तायले. एवढा पाऊस पडते पण काळ्या दगडात पाणी मुरत नाई, उतारानं सगळं वाहून जाते, एप्रिल-मे मध्ये पठारावरच्या गावायले टँकर लागते. तेव्हा हॉटेलात आंघोळीले बादल्या मागणारे पर्यटक पाह्यले का आमचंच डोकं फिरते.

वणीवाला:
लय लय धन्यवाद सगळ्यायले, इतकं तर अपेक्षित नव्हतं. मग असं करतो, पह्यला मुक्काम चिखलदरा, मोथा आन लबाडा बाबासोबत, मंग सेमाडोह, मंग हरिसाल-धारणीचा बाजार जसा भेटन तसा. परत कुठून ते चेकपोस्टवर विचारून ठरवतो. गुरुजी, बाजारात खायला काय भेटते? आई माळकरी हाय, अंडं बी चालत नाई.

निवृत्त_गुरुजी:
भजी, जिलेबी, चहा सगळीकडे. जेवणाचा डबा पहिल्या दिवसाचा सोबत ठेवा, सेमाडोहला साधं जेवण सांगितल्यावर करून देतात, आधी सांगावं लागतं.

परतवाडा_डेपो:
येताना एक दिवस जास्त असला तर परतवाड्याहून बैतूल रोडनं मुक्तागिरी करून घ्या, जैनांची 52 मंदिरं आन धबधबा, आता ते मध्य प्रदेशात येते पण आमच्यापासून जवळ हाय. पायऱ्या हायेत, आईले खाली बसवा. त्याच रोडवर बहिरम हाय, पण जत्रा 20 डिसेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत असते, तुम्ही दिवाळीले येऊन रायले म्हणून हंडीतलं मटण हुकलं तुमचं. आई सोबत नसन तेव्हा परत या.