प्रतिसाद: मेंढ्यांचं वर्ष

वर एकांनी विचारलंय की मेंढपाळ कोकणातच कायमचं का राहत नाहीत, चारा-पाणी तर तिथं भरपूर. माझं आजोळ पुरंदर तालुक्यातलं, धनगराचं, म्हणून लिहितो.

कोकणातला पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. लोकर दिवसेंदिवस ओली राहते, खूर कुजतात, कोकरं गारठून मरतात. ही मेंढी कमी पावसाच्या माळावरची. म्हणून दिवाळी झाली की घाट उतरायचा आणि मृगाच्या आत परत वर यायचं. दिवाळीनंतर खाली उतरेपर्यंत कोकणात भाताची कापणी उरकलेली असते. मोकळ्या खाचरात रात्री कळप बसवला की लेंडीखत आयतं मिळतं, शेतकरी बदल्यात धान्य किंवा पैसे देतो.

या वाटेवर सगळ्यांत जास्त कष्ट बाईचे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. गडी मेंढ्या घेऊन पुढं जातो. मामी मात्र घोड्यावर बिऱ्हाड लादायची, चालता न येणारी कोकरं त्यावरच बांधायची, मुक्कामाला पोचली की पाणी शोधायचं, तीन दगडांची चूल मांडायची, वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, लावायची. मेंढी पाच महिने गाभण असते, त्यामुळं ऐन वाटेतही वेत होतं. तेव्हा रात्रभर जाग. लांडग्याची भीती वेगळीच.

पावसाळ्याआधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होणाऱ्या रोगाची, लस मात्र चुकवू नका. कोवळं गवत अधाशासारखं खाऊन धडधाकट कोकरू सकाळी मेलेलं सापडतं. आमची एका वर्षी अशीच अकरा गेली.