मुंग्या वर चढल्या, सोयाबीन पेरू का?

प्रश्न: मृग लागून चार दिवस झाले. कालपासून गोठ्याच्या भिंतीवर काळ्या मुंग्यांची रांग आहे, एकेकीच्या तोंडात पांढरा दाणा. पावशाही पहाटेपासून ‘पेर्ते व्हा’ म्हणतोय. तिफण काढू?

उत्तर: दादा, थांबा. ते पांढरे दाणे बऱ्याचदा अंडी नसून कोश असतात. वारुळातली ओल, उष्मा बदलला की मुंग्या ते हलवतात. पाऊस किती पडेल, हे त्यांना कुठून कळणार? आणि पावशाची ती हाक विणीची.

दुसरं उत्तर: चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांसोबत येतो. तो दिसला की माझे वडील बियाणं उन्हात घालायचे, पेरायचे नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. मी २५ वर पेरलं होतं, दुबार पेरावं लागलं.

प्रश्नकर्ता: बरं, थांबतो. आज फक्त उगवणक्षमता तपासतो.