शब्दचर्चा : 'टाऊन मॅनेजर'ला आयुक्त म्हणावं का?

चिंचगुळ
नमस्कार मंडळी. मी नॉर्थ कॅरोलिनातल्या केरी गावात राहते. 'गाव' मुद्दाम म्हटलं. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात, पण कागदोपत्री आजही 'टाऊन ऑफ केरी'. उन्हाळा लागला की इथे घरोघरी आई-वडील, सासू-सासरे येतात आणि आठवड्याभरात प्रश्न सुरू होतात. तुमचा नगरसेवक कोण? रस्त्याची तक्रार कुणाकडे करता? त्यांच्यासाठी चार पानी मराठी टिपण लिहायला घेतलं आणि पहिल्याच पानावर अडले.

इथे निवडून आलेलं सात जणांचं कौन्सिल आहे, मेयर त्यातलाच एक. रोजचा कारभार मात्र टाऊन मॅनेजर पाहतो. बजेटचा मसुदा, पाणी, कचरा, अग्निशमन, पोलीस, सगळं त्याच्या हाताखाली. मी 'आयुक्त' लिहिलं. बाबा नगरपालिकेतून निवृत्त झालेत, त्यांनी वाचून नुसती मान हलवली. 'नगर व्यवस्थापक' लिहिलं तर लॉजचा मॅनेजर डोळ्यांसमोर येतो. काय लिहू?

वेताळटेकडी
आयुक्तच. काम तेच, खुर्ची तीच. वाचणाऱ्या आजोबांना एका शब्दात कळेल. उगाच नवीन शब्द पाडू नका.

टाकबोरू
वेताळटेकडी, काम तेच आहे हे मान्य. पण खुर्चीवर बसवतं कोण आणि उठवतं कोण? सगळा फरक तिथेच आहे, आणि चिंचगुळताईंच्या बाबांनी मान हलवली ती त्याचमुळे असणार.

आपल्याकडे आयुक्त राज्य सरकार पाठवतं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यापासून हीच रीत आहे. प्रशासनाचे अधिकार आयुक्तांकडे आणि त्यांची नेमणूक सरकारची. नगरपरिषदेचे मुख्याधिकारीही तसेच, राज्याच्या सेवेतले. महापालिकेत एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश मतांनी आयुक्तांविरुद्ध ठराव करता येतो, तशी कायद्यात तरतूद आहे. पण २०१६ साली नवी मुंबईत काय झालं आठवा. ठराव प्रचंड बहुमताने झाला, राज्य सरकारने तो लागू होऊ दिला नाही, आणि पुढच्या वर्षी आयुक्त गेले ते सरकारच्या बदलीच्या हुकमाने.

नॉर्थ कॅरोलिनात मॅनेजर कौन्सिलची मर्जी असेपर्यंत असतो, कायद्याची भाषाच तशी आहे. सातातले चार जण फिरले की निरोप. राजधानीचा संबंध नाही. त्याला 'आयुक्त' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार, हा मंत्रालयातून आलाय.

चिंचगुळ
अगदी हेच! बाबा म्हणाले, "आयुक्त म्हणजे वरून आलेला माणूस. हा तर तुम्हीच ठेवलेला."

आणि आणखी एक घोळ. इथे 'कमिशनर' हा शब्दही आहेच, पण तो काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. आमच्या वेक काउंटीचे कमिशनर हे निवडून आलेले लोक, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषद सदस्यांसारखे. वर 'आयुक्त' छापलं आणि खाली काउंटी कमिशनरचं भाषांतरही 'आयुक्त' केलं, तर एकाच पानावर नोकर आणि मालक एका नावाचे झाले.

वेताळटेकडी
बरं, माघार. पण मग शब्द द्या ना. नुसतं 'हे नाही' म्हणून पान छापता येत नाही.

पागोटं
कारभारी.

हसू नका, सांगतो. कारभारी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणारा. मालकी त्याची नाही, अक्कल त्याची. संस्थानी काळात हाच माणूस दिवाण झाला. सर टी. माधवराव घ्या, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोर, मग इंदूर, मग १८७५ पासून बडोदा. तीन दरबार, तीन धनी, कसब एकच.

आता अमेरिकेकडे बघा. या पद्धतीचा पहिला मॅनेजर म्हणून चार्ल्स ॲशबर्नर या इंजिनियरचं नाव घेतात. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन गावाने १९०८ साली त्याला 'जनरल मॅनेजर' नेमलं. पुढे तो ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला गेला, तिथून नॉरफोकला, तिथून थेट कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला. माधवरावांसारखीच वाट. आणि गंमत म्हणजे हा ॲशबर्नर जन्माने मुंबईकर! बाप ब्रिटिश फौजेत होता. पहिला अमेरिकन कारभारी आपल्या मुंबईत जन्मलेला निघावा, आणि आपण त्याच्या हुद्द्याला मराठी शब्द शोधत बसावं.

आजही नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यात मॅनेजर नेमणुकीच्या वेळी त्या गावचा, अगदी त्या राज्याचाही रहिवासी असण्याची अट नाही. दिवाण परमुलखातून आणावा तसंच.

वेताळटेकडी
दिवाणात राजा येतो ना पण. इथे राजा कुठाय?

पागोटं
म्हणूनच दिवाण नको, कारभारी. कारभाऱ्याला धनी कुणीही चालतो. सात जणांचं कौन्सिलही.

सांजवात
आमच्याकडे 'कारभारी' म्हणजे नवरा. "कारभारी घरी न्हाईत" असं सासूबाई दारातूनच सांगायच्या. टिपण वाचून एखादी आजी विचारेल, गावाचा नवरा कोण म्हणून. 😄 तरी मला शब्द आवडला. 'नगरकारभारी' केलं तर ती अडचण उरत नाही.

टाकबोरू
नगरकारभारी चांगला आहे. माझं मत त्याला.

थोडं अवांतर. ही पद्धत मोठ्या शहरात रुजली ती पुरामुळे. ओहायोतलं डेटन मार्च १९१३ मध्ये पाण्याखाली गेलं. त्याच वर्षी लोकांनी नवी सनद, म्हणजे शहराच्या कारभाराचा मूळ कायदा, मंजूर केली आणि १९१४ च्या जानेवारीपासून तिथे मॅनेजर बसला, हेन्री वेट, तोही इंजिनियर. पूर ओसरल्यावर गावाला भाषण करणारा नको होता, गटारं आणि बंधारे कळणारा हवा होता. म्हणून या पदाच्या शब्दाला 'साहेब'पणाचा वास नसावा असं मला वाटतं. 'आयुक्त'ला तो आहे, 'कारभारी'ला नाही.

जाता जाता 'चार्टर'साठी 'सनद'च वापरा. 'अधिकारपत्र' वगैरे नको. सनद म्हणजे वरच्याने दिलेली, आणि नॉर्थ कॅरोलिनातही शहराला सनद राज्याकडूनच मिळते.

चिंचगुळ
सनद, नगरकारभारी, घेतले दोन्ही. आता बाकीचे. मेयरला 'महापौर' चालेल ना? इथे मेयरला अख्खं गाव थेट मत देतं, पण सभेत त्याचं मत सातातलं एकच. मॅनेजरच्या नेमणुकीतही एकच. आमच्याकडे येणाऱ्यांना वाटतं मेयर म्हणजे गावाचा मुख्यमंत्री.

पागोटं
महापौर मात्र चपखल बसतो. 'पौर' म्हणजे पुरात राहणारा, नागरिक. महापौर म्हणजे मोठा नागरिक, त्याहून जास्त काही नाही. शब्द सावरकरांचा. मुंबईत १९३१ पर्यंत 'प्रेसिडेंट' म्हणायचे, मग 'मेयर' झालं. शिकागो-न्यूयॉर्कचा मेयर खरोखर सत्ता चालवतो, तिथे हा शब्द थोडा तोकडा पडतो. केरीला तो मापाचा आहे.

टाकबोरू
दोन खड्डे आधीच दाखवून ठेवतो.

पहिला 'ऑर्डिनन्स'. वर्तमानपत्रं सरळ 'अध्यादेश' लिहून मोकळी होतात. अध्यादेश म्हणजे सभागृह चालू नसताना राज्यपालांनी किंवा राष्ट्रपतींनी काढलेला तात्पुरता कायदा. अमेरिकन शहराचा ऑर्डिनन्स याच्या नेमका उलट. तो सभेतच मंजूर होतो आणि रद्द करेपर्यंत टिकतो. त्याला आपला शब्द 'उपविधी'. 'रेझोल्यूशन' म्हणजे साधा 'ठराव'.

दुसरा 'शेरीफ'. मुंबईच्या शेरीफला मराठीत नगरपाल म्हणतात, आणि ते पद शोभेचं. वेक काउंटीचा शेरीफ निवडून येतो, तुरुंग चालवतो, कमरेला पिस्तूल असतं. तिथे शेरीफच राहू द्या.

सांजवात
आणि 'टाऊन क्लार्क'ला कारकून म्हणू नका बरं. सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त सांभाळणारा तो. आपल्याकडचा नगरसचिव, जुन्या भाषेत चिटणीस.

चिंचगुळ
कारकूनच लिहिलं होतं. 🙈 खोडलं.

एक शब्द अजून अडलाय, 'ॲट लार्ज'. मेयर सोडून उरलेल्या सहा सदस्यांपैकी चार जण आपापल्या भागातून येतात, दोघांना सगळं गाव मत देतं. त्या दोघांना काय म्हणू?

वेताळटेकडी
'बिनप्रभागी'.

सांजवात
शी! बिनपगारी वाटतं.

पागोटं
'गावमती'? नाही, जमलं नाही. 'सर्व गावातून निवडलेले' असं सरळ लिहा. प्रत्येक कल्पनेला एकच शब्द हवा हा हट्ट कशाला.

चिंचगुळ
तसंच लिहिलं. शाळांचा परिच्छेदही जोडला, कारण प्रत्येक आजी-आजोबा विचारतात की नगरपालिकेची शाळा कुठली. उत्तर : एकही नाही. शाळा काउंटीभरच्या वेगळ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, त्या मंडळाला कर बसवायचा अधिकार नाही, आणि स्थानिक पैसा कमिशनर देतात. मेयरचा काही संबंध नाही. हे सांगितलं की सगळे एकदम गप्प होतात.

काल रात्री बाबांना पूर्ण टिपण वाचून दाखवलं. 'नगरकारभारी' आवडला. मग चष्मा काढून म्हणाले, "सगळं ठीक आहे. पण त्याची बदली झाली की मागून कोण येतो?"

म्हटलं, बाबा, बदली होतच नाही. एक तर तो स्वतः सोडून जातो, नाही तर कौन्सिल काढतं.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग नगरसेवक त्याला कशाची भीती घालतात?"