मदत हवी आहे: आय५-२५००के ४.४ गिगाहर्ट्झवर टिकत नाही

उद्यमनगरकर

नमस्कार मंडळी,

आमच्या जॉबवर्कच्या शेडमध्ये ड्रॉइंग आणि टूलपाथ (मशीनच्या टूलने जायचा मार्ग) काढायला एक जुना डेस्कटॉप आहे. टूलपाथची आकडेमोड बहुतेक एकाच कोअरवर चालते, त्यामुळे क्लॉक (प्रोसेसरचा वेग) वाढला की वेळ सरळ वाचतो. नवीन मशीन यंदा जमणार नाही, म्हणून आहे त्यातूनच थोडा वेग काढायचा आहे, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचं आहे.

प्रोसेसर इंटेल कोअर आय५-२५००के, बोर्ड झेड६८ चिपसेटचा, रॅम डीडीआर३ १६०० च्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या. कूलर १२० मिमी पंख्याचा टॉवर, पॉवर सप्लाय ५०० वॅटचा, साधारण आठ वर्षं जुना. विंडोज १०.

सध्याचं सेटिंग: मल्टिप्लायर ४४, बीसीएलके (मूळ क्लॉक, याला मल्टिप्लायरने गुणलं की वेग) १०० मेगाहर्ट्झ, व्होल्टेज ऑफसेट मोडमध्ये उणे ०.०६, लोडलाइन कॅलिब्रेशन (लोडवर व्होल्टेज घसरू न देणारं सेटिंग) सगळ्यात वरच्या पायरीवर. लोडवर व्हीकोअर (कोअरला मिळणारं व्होल्टेज) १.३६ दिसतो, रिकामं असताना ०.९२.

अडचणी अशा आहेत:

प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारा चाचणी प्रोग्रॅम) लावलं की दहा-बारा मिनिटांनी क्लॉक एकदम १.६ गिगाहर्ट्झवर येतो, दोन-तीन सेकंदांनी परत ४.४. तेव्हा कोअरचं तापमान ८८ ते ९१ अंश.

दुपारच्या वेळी दोनदा ०एक्स१२४ चा (हार्डवेअरच्या चुकीचा) ब्लू स्क्रीन आला.

मशीन रिकामं पडलेलं असतानाही गोठतं. ब्लू स्क्रीन नाही, काही नाही, नुसता माउस अडकतो.

साप्ताहिक सुट्टीनंतर चालू केलं की बायॉसची सेटिंग गेलेली असतात.

व्होल्टेज अजून वाढवू का? १.४० पर्यंत चालतं असं वाचलंय.

जुनं_ते_सोनं

वाढवू नका. तुमच्याकडे एक नाही, निदान तीन वेगळे बिघाड आहेत, आणि व्होल्टेज वाढवून त्यातला एकही नीट होणार नाही. उलट पहिला वाढेल.

क्लॉक १.६ वर पडतो त्याकडे आधी बघा. या चिपची स्वतःची तापमान मर्यादा ९८ अंश आहे. तुम्ही ९१ वर आहात, म्हणजे प्रोसेसर स्वतःहून क्लॉक पाडत नाहीये. पॉवर लिमिट लागलं असतं तर क्लॉक ४.१, ३.९ असा पायरीपायरीने उतरला असता. थेट १.६ आणि काही सेकंदांत परत वर, हे बोर्डावरच्या व्हीआरएमचं (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाचं) लक्षण आहे. सॉकेटच्या डाव्या अंगाला आणि वर चौकोनी चोक आणि त्यांच्या शेजारी मॉसफेट असतात, ते तापले की बोर्ड प्रोसेसरला दम खायला लावतो.

याचं कारण तुमच्या कूलरमध्येच आहे. प्रोसेसरच्या खोक्यातून येणारा इंटेलचा कूलर हवा खाली बोर्डावर मारतो, त्यामुळे व्हीआरएम आपोआप गार राहतं. टॉवर कूलर हवा आडवी मागे फेकतो, तिथे वारा पोचतच नाही. ८० किंवा ९२ मिमीचा एक पंखा त्या भागावर तिरपा बसवा, केबल टायने बांधला तरी चालेल. फक्त पात्यात वायर अडकणार नाही हे बघा.

आता उष्णतेचा हिशोब. प्रोसेसरची उष्णता क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. २५००के मूळ सेटिंगवर चारही कोअर चालू असताना ३.४ वर असतो, व्होल्टेज १.२० धरू. ४.४ आणि १.३६ केलं की १.२९ गुणिले १.२८, म्हणजे जवळपास १.६६ पट उष्णता. तेच ४.३ आणि १.२८ ठेवलं तर १.४४ पट. वेगातला फरक सव्वादोन टक्के, उष्णतेतला तेरा टक्के. शेडमध्ये रोज आठ-दहा तास चालणाऱ्या मशीनला मी तरी ४.३ च ठेवेन.

आणि १.४० चं म्हणाल, तर २०११-१२ च्या लेखांतले आकडे नव्या चिपवर, एसीच्या खोलीत काढलेले आहेत. इंटेलच्या कागदपत्रात व्हीआयडीची कमाल १.५२ व्होल्ट दिली आहे, ती चिप मागू शकते त्या आकड्याची मर्यादा आहे, रोज वापरायचा सुरक्षित आकडा नव्हे. जुन्या चिपला लोडवर १.३५ ही माझी कुंपणरेषा.

एवढं सांगा: मूळ सेटिंगवर प्राइम९५ चालतं का, चार कोअरच्या तापमानात फरक किती, आणि तेव्हा खोलीत किती अंश होते?

रंकाळा_पश्चिम

भावा, सेटिंग जातंय तो विषय सोपा हाय. रात्री मेन स्विच बंद करता न्हवं? मग पॉवर सप्लायचा स्टँडबाय ५ व्होल्ट पण जातो आणि सगळा भार बोर्डावरच्या सेलवर येतो. सीआर२०३२ काढ, मल्टिमीटरवर बघ. नवा ३ च्या वर दाखवतो, २.८ च्या खाली असला तर बदल. पन्नास रुपयांच्या आतलं काम हाय.

दुसरं, उद्यमनगरातली धूळ साधी नसती. ग्राइंडिंगचा कीस असतो त्यात, आणि तो वीज वाहून नेतो. ब्लोअर मारायच्या आधी मऊ ब्रशनं सॉकेटभोवतीचा आणि रॅमच्या खाचेतला कीस बाहेर ओढून घे, नाहीतर ब्लोअरनं तो अजून आत जाईल. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेव. सीपीयू डबा जमिनीवर असला तर टेबलावर घे.

उद्यमनगरकर

धन्यवाद दोघांनाही.

सेल २.६१ व्होल्ट निघाला, बदलला. मूळ सेटिंगवर प्राइम९५ चा स्मॉल एफएफटी (प्रोसेसर सगळ्यात जास्त तापवणारी चाचणी) अर्धा तास चालला, चूक नाही. खोलीत ३४ अंश, कोअर ६३, ६८, ७२, ६९. पहिल्या आणि तिसऱ्या कोअरमध्ये नऊ अंशांचा फरक आहे.

कूलर काढला. पेस्ट कडेला ओली आणि मधे वाळून पापडी झालेली. एका कोपऱ्याची पुशपिन अर्धीच बसली होती, मागून बघितल्यावर काळं टोक बाहेर आलेलंच नव्हतं. तांब्याच्या बुडावर त्या बाजूला पेस्टचा जाड थर तसाच होता, म्हणजे तिथे दाब पडतच नव्हता.

जुनं_ते_सोनं

नऊ अंशांचं कारण तुम्हीच शोधलंत. थोडा फरक प्रत्येक चिपमध्ये असतो, पण सँडी ब्रिजच्या या चिपमध्ये झाकण आतून सोल्डर केलेलं असतं, त्यामुळे मोठा फरक दिसला की दोष बहुतेक वेळा बाहेरच्या बसवणीत निघतो. (२०१२ च्या ३५७०के मध्ये झाकणाखाली पेस्ट आहे, तिथे हा नियम लावू नका.)

पुशपिन बोर्ड डब्याबाहेर काढल्याशिवाय नीट बसत नाहीत. चारही पिनांचे बाण मूळ जागी फिरवून घ्या, समोरासमोरच्या दोन एकदम दाबा, मग उरलेल्या दोन. मागून चारही काळी टोकं पांढऱ्या पायांतून आरपार दिसली पाहिजेत. जमलं तर मागच्या पट्टीचा, स्क्रूचा कूलर घ्या. ११५५ सॉकेटची भोकं ७५ मिमी अंतरावर आहेत, ११५०, ११५१ आणि १२०० ला पण तेच अंतर. त्यामुळे आज दुकानात १२०० साठी मिळणारा कूलर तुमच्या बोर्डावर बसतो. फक्त १७०० साठीचा घेऊ नका, त्याचं अंतर ७८ आहे.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसा. नवीन पेस्ट मधोमध, मटाराच्या लहान दाण्याएवढी.

आता रिकामं असताना गोठण्याबद्दल, कारण नवशिके इथेच सगळ्यात जास्त फसतात.

ऑफसेट म्हणजे चिप स्वतः जे व्होल्टेज मागते त्यात केलेली वजाबाकी किंवा बेरीज, आणि ती सगळ्या क्लॉकला लागू होते. ४.४ ला चिप जास्त मागते, १.६ ला साधारण ०.९८. तुमचं लोडलाइन कॅलिब्रेशन सगळ्यात वर आहे, त्यामुळे लोड आल्यावर व्होल्टेज खाली येण्याऐवजी वर चढतं. ते खाली आणायला तुम्ही उणे ०.०६ केलंत. लोडवर आकडा बरा दिसला, पण तीच वजाबाकी १.६ ला पण झाली आणि तिथे ०.९२ उरलं. एवढ्यावर चिप तग धरत नाही. म्हणून काम करताना चालतं आणि जेवायला गेलात की गोठतं.

उपाय उलटा वाटेल: लोडलाइन मधल्या पायरीवर आणा आणि ऑफसेट शून्याजवळ. लोडवर व्होल्टेज जरा बसेल, ते बसू द्यायचं. वरची पायरी लावली की लोड एकदम सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

बायॉसमध्ये क्रम असा ठेवा. बीसीएलके १०० च राहू द्या. या पिढीत त्याच क्लॉकवर पीसीआय एक्सप्रेस आणि साटा चालतात, १०४-१०५ च्या पुढे हार्डडिस्कवर चुकीचं लिहिलं जाण्याची भीती असते. रॅम तात्पुरती १३३३ वर, १.५ व्होल्ट, म्हणजे चूक आली तर रॅमवर संशय राहत नाही. स्प्रेड स्पेक्ट्रम बंद. रिकामं असताना वीज वाचवणाऱ्या सेटिंगपैकी स्पीडस्टेप आणि सी१ई चालू, सी३ आणि सी६ बंद. लाँग आणि शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट १५० वॅट. पीएलएल (क्लॉक तयार करणारं सर्किट) ओव्हरव्होल्टेज बंद. मल्टिप्लायर ४० पासून सुरू करा आणि एकेक वाढवा. प्रत्येक पायरीला स्मॉल एफएफटी वीस मिनिटं. एखादा वर्कर थांबला किंवा राउंडिंगची चूक दाखवली तर ऑफसेट ०.००५ ने वाढवा, एकदम ०.०५ ने नाही.

सुरू करण्याआधी ड्रॉइंगची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून ती डिस्क मशीनपासून सोडवून ठेवा. अस्थिर प्रोसेसर प्रत्येक वेळी ब्लू स्क्रीन दाखवत नाही, कधी नुसता एक आकडा चुकवतो. टूलपाथमध्ये एक आकडा चुकला तर जॉब वाया आणि टूलही.

कळंबा_रोड

याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे साधा आय५-२४०० आहे, के (मल्टिप्लायर मोकळा असलेला) नाही. बोर्ड एच६१. काही होईल का?

जुनं_ते_सोनं

एच६१ वर नाही. हाच प्रोसेसर पी६७ किंवा झेड६८ बोर्डावर असता तर टर्बोच्या (आपोआप चढणाऱ्या वेगाच्या) वर चार पायऱ्या मिळाल्या असत्या, म्हणजे एका कोअरवर ३.८. त्यासाठी जुना बोर्ड विकत घेण्यात अर्थ नाही. अजून हार्डडिस्कवर विंडोज असेल तर तेच पैसे एसएसडीत घाला.

तीन_फेज

पॉवरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आठ वर्षं जुन्या सप्लायवर ओव्हरक्लॉक करताना १२ व्होल्टची लाइन मोजायलाच हवी. सॉफ्टवेअरमधला आकडा धरू नका. मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मल्टिमीटर लावा आणि प्राइम९५ चालू असताना वाचा. नियमाने ११.४० ते १२.६० चालतं, पण रिकामं असताना १२.१ आणि लोडवर ११.५ असं घसरत असेल तर सप्लाय थकलाय. सप्लाय उघडू नका, आतला मोठा कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेला असतो.

शेडमध्ये वेल्डिंग किंवा मोठी मोटर त्याच फेजवर असेल तर कॉम्प्युटरला वेगळी लाइन घ्या. मोटर सुरू होताना व्होल्टेज दबतं, आणि तो धक्का मूळ सेटिंगवर खपतो, ओव्हरक्लॉकवर खपत नाही. न्यूट्रल आणि अर्थमध्ये पण मोजा, दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थिंग बघून घ्या. आणखी एक: नवा सप्लाय घेतलात तर त्यात बहुधा ॲक्टिव्ह पीएफसी असेल. चौकोनी वेव्हचा यूपीएस असला तर काही सप्लाय बॅटरीवर जाताना बंद पडतात. प्लग काढून एकदा प्रत्यक्ष बघा, महत्त्वाचं काम उघडं नसताना.

उद्यमनगरकर

सगळं केलं. आकडे देतो.

१२ व्होल्टची लाइन रिकामं असताना १२.०८, लोडवर ११.९१. ग्राइंडर विजेच्या त्याच स्विचबोर्डवर होता, वेगळा केला. कूलर स्क्रूच्या पट्टीचा घेतला, व्हीआरएमवर ९२ मिमीचा पंखा बांधला.

मल्टिप्लायर ४३, ऑफसेट अधिक ०.००५, लोडलाइन मधली. लोडवर १.२८ ते १.२९, रिकामं असताना ०.९८. खोलीत ३५ अंश असताना स्मॉल एफएफटी एक तास: ७३, ७५, ७७, ७५. क्लॉक एकदाही पडला नाही. ब्लेंड (रॅमवरही ताण देणारी चाचणी) रात्रभर आठ तास, चूक नाही. ४४ ला ऑफसेट ०.०३० लागत होता आणि तापमान ८४ ला जात होतं, म्हणून सोडून दिलं.

एक शंका. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) व्हीया-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांची, १९ नंबरची पिवळी नोंद दोनदा आली आहे. मशीन बंद पडलं नाही. दुर्लक्ष करू का?

जुनं_ते_सोनं

करू नका. १९ म्हणजे चूक झाली आणि चिपने ती स्वतः दुरुस्त केली. आज दुरुस्त झाली, मे महिन्यात दुपारी होणार नाही. खोली जितक्या अंशांनी तापते, जवळपास तितक्याच अंशांनी कोअर वर जातो, आणि तापलेल्या चिपला त्याच क्लॉकला थोडं जास्त व्होल्टेज लागतं. ऑफसेट ०.०१० करा, ती नोंद पुसा, आणि तीन दिवस नेहमीचं काम करून परत बघा. तरी आली तर ०.०१५. त्यापुढे गरज पडली तर मल्टिप्लायर ४२.

हे झाल्यावर रॅम १६०० वर न्या, १.५ व्होल्टवरच. चार फेऱ्या मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम). आता नवीन चूक आली तर ती रॅमची.

उद्यमनगरकर

०.०१० वर चार दिवस झाले, १९ ची एकही नोंद नाही. रिकामं असताना गोठणं बंद. रॅम १६०० वर, चार फेऱ्या स्वच्छ. जो टूलपाथ मूळ सेटिंगवर ११ मिनिटं घ्यायचा तो आता साडेनऊ मिनिटांत निघतो.

स्लीपमधून उठताना मात्र एकदा काळा पडदा राहिला.

जुनं_ते_सोनं

पीएलएल ओव्हरव्होल्टेज बघा. काही बोर्ड मल्टिप्लायर वाढवला की ते ऑटोवर स्वतःच चालू करतात, आणि ते चालू असलं की स्लीपमधून उठायला त्रास होतो. ऑटो न ठेवता हाताने बंद करा. ४.३ ला त्याची गरज लागत नाही. मग दहा वेळा झोपवून उठवून बघा, त्यातली दोन-तीन सकाळी, मशीन गार असताना.