ऑक्टाव्हियासाठी विंटर टायर: रिमसकट दुसरा सेट घ्यावा की आहे त्याच रिमवर भागवावं?

बोबलिंगनचा_बाबा

नमस्कार मंडळी. जुलैमध्ये पुण्याहून इकडे स्टुटगार्टजवळ बोबलिंगनला आलोय, सोबत बायको आणि दोन पोरं, एक सहा वर्षांचं एक दोन वर्षांचं. ऑगस्टमध्ये सेकंडहँड ऑक्टाव्हिया कॉम्बी घेतली, 2017 ची, 1.6 डिझेल. गाडीवर आत्ता उन्हाळी टायर आहेत, 17 इंची अलॉय रिमवर 225/45 साइजचे (225 मिमी रुंद). आता ऑक्टोबर लागला आणि ऑफिसमध्ये जो तो विचारतोय टायर बदलले का, टायर बदलले का. आपल्याकडे टायर बदलायचा म्हणजे एकतर पंक्चर किंवा पार गोटा झाला की, थंडी पडली म्हणून टायर बदलतात हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळतंय.

माझ्यापुढे चार रस्ते आहेत. एक, ज्याच्याकडून गाडी घेतली त्याने चार जुने टायर फुकट दिलेत, त्यावर एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलंय, नक्षी बऱ्यापैकी शिल्लक दिसते. दोन, बारमाही टायर घेऊन टाकायचे, कटकटच नको. तीन, नवीन विंटर टायर घेऊन आहे त्याच अलॉयवर चढवायचे आणि वर्षातून दोनदा काढ-घाल. चार, लोखंडी रिमसकट वेगळा सेट. इथल्या एका टायरच्या दुकानात विचारलं तर त्याने रिम, टायर, वर चार प्रेशर सेन्सर असा आकडा सांगितला की बायको म्हणाली त्यात आपण चौघं पुण्याला जाऊन येऊ. रोजचं चालवणं फार नाही, पोरांची शाळा-किटा (किटा म्हणजे इथलं पाळणाघर) आणि ऑफिस, पण डिसेंबरमध्ये पोरांना बर्फ दाखवायला आल्गॉयला (दक्षिणेकडचा डोंगराळ भाग) आणि जमलं तर ऑस्ट्रियात जायचंय. काय करू?

म्युनिकची_मावशी

सगळ्यात आधी ते फुकटचे टायर विसर. त्यावर नुसतं एम प्लस एस आहे की शेजारी तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चित्र पण आहे ते बघ. चित्र नसेल तर 1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत ते विंटर टायर म्हणून धरतच नाहीत, नुसतं एम प्लस एस त्याआधी चालायचं आता नाही. आणि टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांपुढे शेवटचे चार आकडे (कधी बनला ते) असतात तेही वाच, 3514 असेल तर 2014 चा पस्तिसावा आठवडा. एवढा जुना रबर म्हणजे नक्षी कितीही असू दे, थंडीत लाकूडच.

कायद्याचं सांगते कारण नवीन लोकांचा यात हमखास गोंधळ होतो. इथे अमुक तारखेपासून विंटर टायर लावा असं नाहीये. रस्त्यावर बर्फ, चिखलासारखा अर्धवट वितळलेला बर्फ किंवा काचेसारखा गोठलेला थर असेल तेव्हा तसे टायर नसताना गाडी चालवायची नाही, एवढंच. सापडलास तर 60 युरो आणि फ्लेन्सबुर्गला (तिथे ड्रायव्हरच्या चुकांची नोंद ठेवतात) एक पॉइंट, तुझ्यामुळे ट्रॅफिक अडला तर 80. म्हणजे ऊन पडलंय तोवर जानेवारीतसुद्धा उन्हाळी टायरवर फिरलास तर कोणी धरणार नाही, पण संध्याकाळी किटामधून पोरं आणायला निघालास आणि बाहेर पांढरं झालेलं असेल तर गाडी तिथेच सोडून बसने जायचं. आम्ही पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं, ते पण कडेवर दीड वर्षाचं बाळ घेऊन, तेव्हापासून दसरा झाला की मी आधी टायरची अपॉइंटमेंट घेते. इकडचे लोक म्हणतात ओ टू ओ, ऑक्टोबर ते ओस्टर्न म्हणजे ईस्टर. पहिला बर्फ पडला की सगळं गाव एकदम गॅरेजकडे धावतं आणि मग तीन-तीन आठवडे नंबर लागत नाही, तेव्हा आजच फोन कर.

अजून एक, टायरचा विषय नाही पण जुलैत आलायस म्हणून. आपलं इंडियन लायसन्स इथे सहाच महिने चालतं. जानेवारी येईलच.

सतराचा_पाना

मावशींनी कायदा सांगितला, मी लोखंड सांगतो.

चौथा रस्ता धर, पण दुकानदाराने सांगितलेला नाही, स्वतःचा. तुझ्या गाडीला 17 च्या ऐवजी 16 चे रिम आणि 205/55 आर16 91एच टायर बसतात, ही इतकी कॉमन साइज आहे की सगळ्या कंपन्या बनवतात आणि 17 पेक्षा बरीच स्वस्त पडते. फार्त्सॉयगशाइनमध्ये (म्हणजे इथलं आरसी बुक) एकच साइज लिहिलेली असते त्यावरून घाबरू नकोस, बाकीच्या चालणाऱ्या साइज सीओसी नावाच्या कागदात (कंपनीचं गाडीबद्दलचं प्रमाणपत्र) असतात, गाडीबरोबर तो मिळाला असेल तर काढ, नसेल तर स्कोडाच्या डीलरला चासी नंबर देऊन विचार. तिथे रिमची रुंदी आणि ईटी (रिम किती आत-बाहेर बसतं तो आकडा) पण दिलेलं असतं, तेच आकडे बघून रिम घ्यायचे, नुसते पाच होल जुळले म्हणून नाही. स्नो चेन नेमक्या कोणत्या साइजवर लावता येतात हेही तिथेच कळतं, ऑस्ट्रियात जाणार असशील तर ते बघूनच ऑर्डर कर.

बारीक टायर आणि उंच साइडवॉल दिसायला भिकार दिसतं हे मान्य, पण ओल्या बर्फाच्या रबडीत रुंद टायर वर तरंगतो आणि अरुंद टायर ती कापत खाली जातो. शिवाय हिवाळ्यात इथे रस्त्याला खड्डे पडतात (हो, इथेही पडतात) आणि बर्फाखाली फुटपाथची कड दिसत नाही, तिथे अलॉय घासण्यापेक्षा लोखंड घासलेलं परवडतं. मिठाने अलॉयची पॉलिश जाते ते वेगळंच.

आता सेन्सर. त्या दुकानदाराने एकतर गाडी बघितली नाही किंवा तुला बघितलं. तुझ्या मॉडेलमध्ये चाकात सेन्सर नसतात, एबीएसच्या सेन्सरवरून चाक किती फिरतं त्यावरून हवा कमी झाल्याचं कळतं. ग्लव्ह बॉक्समध्ये सेट लिहिलेलं बटण किंवा स्क्रीनवर मेन्यूत तसा ऑप्शन असेल, चाकं बदलून हवा भरली की ते दाबायचं, झालं. ज्या गाड्यांत खरंच चाकात सेन्सर असतात त्यांना दुसऱ्या सेटलाही लागतात, ते खोटं नाही, फक्त तुझ्या गाडीला नाही.

बोल्टकडे लक्ष दे, इथे भलेभले चुकतात. ओरिजिनल रिमच्या बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या कंपनीच्या बऱ्याच अलॉयना तिरपं शंकूसारखं लागतं. चुकीचा बोल्ट हाताला घट्ट लागतो पण बसलेला नसतो. ओरिजिनल लोखंडी रिम घेतलेस तर आत्ताचेच बोल्ट चालतील, ते आधी विचारून घे. आणि अलॉयवर चोर-बोल्ट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून वेगळ्या चावीने उघडणारा) असेल तर त्याची चावी डिकीत आहे का आजच बघ, गॅरेजच्या दारात पोचल्यावर नको.

आवळायचं 120 न्यूटनमीटरला, टॉर्क रेंचने. आपल्याकडे पंक्चरवाला पान्यावर उभा राहून उड्या मारतो ते इथे करायचं नाही. 50 किलोमीटर चालवून परत एकदा चेक. बोल्ट सतराच्या पान्याचे, माझं नाव उगाच नाही पडलं.

टायरवर शेवटचं अक्षर बघ, एच म्हणजे 210 पर्यंत, टी म्हणजे 190. विंटर टायर गाडीच्या टॉप स्पीडपेक्षा कमीचा चालतो, पण मग ड्रायव्हरला समोर दिसेल असा 190 चा स्टिकर लावावा लागतो आणि आउटोबानवर तो पाळावा पण लागतो. थोडाच फरक असतो किमतीत, एच घे.

ऱ्हाईनकाठचा_आळशी

सगळे एका सुरात चाललेत म्हणून मी जरा उलटं बोलतो. मी ड्युसेलडॉर्फला राहतो, सहा वर्षं बारमाही टायरवर आहे. आता जे आहेत, मिशेलिनचे क्रॉसक्लायमेट 2, त्यावर ते डोंगर-चांदणीचं चित्र आहे म्हणजे कायद्याने विंटर टायरच. वर्षातून दोनदा गॅरेज नाही, चाकं ठेवायला जागा नको, वैताग नाही. आमच्याकडे बर्फ पडतो तो पण लाजत लाजत, दुपारपर्यंत गायब. लोक उगाच आठशे युरो घालवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

म्युनिकची_मावशी

दादा तुमचं तुमच्या गावापुरतं बरोबर आहे. ऱ्हाईनच्या सपाटीवर मी पण तेच केलं असतं. पण हा माणूस स्टुटगार्टच्या खोऱ्यात राहतो, म्युनिककडे यायचं तर ए8 हायवेवर आल्ब डोंगराचा चढ आहे, म्हणजे आपला बोरघाटच समजा, फक्त बर्फातला, एक ट्रक आडवा झाला की मागे सगळे थर्मास उघडून बसतात. आणि हा आल्गॉयला चाललाय, तिथे पेन्शनच्या (छोट्या गेस्टहाउसच्या) दारातला शेवटचा दोनशे मीटरचा चढच खरी परीक्षा घेतो. बारमाही टायर दोन्हीकडे बरा असतो आणि दोन्हीकडे अर्धा असतो, जुलैच्या उन्हात ब्रेक मारला की पण तो मऊ पडतो हे विसरू नका.

आणि बाबा, ऑस्ट्रियाचे नियम वेगळे आहेत. तिकडे 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल, रस्ता तसा असेल तर विंटर टायर पाहिजेच, आणि नक्षी कमीत कमी 4 मिलिमीटर. जर्मनीत कायद्याने 1.6 चालते, पण 1.6 वर बर्फात जाणारा माणूस मी तरी बघितला नाही, एडीएसी (इथला मोटार क्लब) पण 4 च सांगते. दोन युरोचं नाणं खोचून बघायचं, चंदेरी कड 4 मिलिमीटरची आहे, ती बाहेर दिसायला लागली की टायर संपला समज.

माँट्रियलकर

तुमचं वाचून गंमत वाटली. आमच्या क्यूबेकमध्ये ऊन असो पाऊस असो 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे, विषय संपला. इथे सगळ्यांकडे लोखंडी रिमवरचा दुसरा सेट असतोच. एकच सांगतो, तीन नंबरचा रस्ता घेऊ नको, त्याच रिमवरून टायर दरवेळी उपटून चढवले की टायरची कड खराब होते, दरवेळी बॅलन्सिंगचे पैसे, आणि एप्रिलमध्ये परत तेच. चार-पाच वर्षांत रिमचे पैसे तिथेच निघतात. आणि थंडीत हवा आपोआप कमी होते, दहा डिग्री उतरली की साधारण 0.1 बार, महिन्यातून एकदा बघत जा.

बोबलिंगनचा_बाबा

मंडळी, अपडेट. फुकटचे टायर बघितले, चांदणी नाही आणि आकडे 4113. रीसायकलिंग यार्डात देऊन आलो, वर तिथे द्यायचेच पैसे लागले, म्हणजे फुकटचे टायर मलाच महागात.

सीओसी कागद गाडीच्या फाइलमध्येच होता. 16 चे ओरिजिनल लोखंडी रिम एका काकांकडून जुने घेतले, त्यांची ऑक्टाव्हिया विकली होती पण चाकं राहिली होती, त्यावर नवीन कॉन्टिनेंटल चढवून घेतले. त्या पहिल्या दुकानाच्या आकड्याच्या साधारण अर्ध्यात झालं. सेन्सरचं विचारलं तर दुसरा गॅरेजवाला हसला आणि ग्लव्ह बॉक्समधलं बटण दाखवलं. सतराचा पाना दादा, तुम्हाला माझ्याकडून वडापाव, इकडे याल तेव्हा. चोर-बोल्टची चावी स्टेपनीच्या खाली पिशवीत सापडली, गॅरेजच्या दारात पोचल्यावरच.

आता शेवटचा प्रश्न. उन्हाळी चार चाकं घरी आणलीत आणि केलरमध्ये (तळघरात) आधीच गणपतीचं मखर, प्रॅम आणि सासूबाईंनी दिलेल्या लोणच्याच्या बरण्या आहेत. चाकं एकावर एक आडवी रचली तर चालतात का? बायको म्हणते मखराला काही झालं तर मी चाकांवर झोपायचं.

सतराचा_पाना

रिमवर असलेली चाकं आडवी रचलेली चालतात, भिंतीला टांगली तरी चालतात. रिमशिवाय नुसते टायर असते तर उभे ठेवून अधूनमधून फिरवावे लागले असते. ठेवण्याआधी धुऊन कोरडी कर आणि खडूने लिहून ठेव, पुढचं डावं, पुढचं उजवं वगैरे, मार्चपर्यंत विसरतोस. एप्रिलमध्ये परत घालताना ज्यांची नक्षी जास्त ती मागे, पुढे नाही, गाडीला पुढची चाकं ओढतात म्हणून सगळे उलट करतात.

मखर चाकांच्या वर ठेव. खाली नको.