पिचकारीचं रोप कुठे लावू? मदत हवी आहे

नेरूळला राहतो, मागच्या वर्षी रस्त्यावर पिचकारीच्या (आफ्रिकन ट्युलिप) होडीसारख्या शेंगा पडलेल्या, त्यातलं पातळ पापुद्र्याचं बी कुंडीत टाकलं आणि आता रोप कमरेएवढं झालंय. लहानपणी याच्या कळ्या दाबून पाणी उडवायचो, त्यामुळे फार जीव आहे त्याच्यावर. सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीपासून ५-६ फुटांवर जागा देतायत पण खाली गाड्या असतात, आणि याचं लाकूड ठिसूळ, पावसाळ्यात फांद्या तुटतात, नंतर तोडायचं तर पालिकेची परवानगी लागते. छाटून आटोक्यात राहतं का? फुलं किती वर्षांनी येतात? ड्रममध्ये वाढवलंय का कोणी? मधमाश्या यात मरतात असंही वाचलंय, कोणी पाहिलंय का? प्लीज सांगा, पावसाच्या आत लावायचंय.