मदत हवी आहे: जुनी डिझेल पिकअप पहाटे चालू होत नाही

कळेकर_शेती:
गाडी पहाटे चालू होत न्हाय. रात्री लावताना एकदम झकास असती, पहाटे सेल्फ मारला की नुसती फिरत राहती, इंजिन उचलत न्हाय. बॅटरी नवी हाय, डिझेल फिल्टर बदललाय, एअर फिल्टर साफ हाय. मला कळ्याहनं भाजी भरून पहाटे मार्केट यार्डात पोचावं लागतंय, सौद्याच्या आत माल लागला न्हाय तर दर हातचा जातोय आणि शेजाऱ्यांचा मालपण माझ्याच गाडीत असतोय. एक फिटर म्हणतो डिझेलचा पंप काढून लॅबला द्या, दुसरा म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन उतरवा. एवढा खर्च करायच्या आधी घरी काय बघता येईल ते सांगा. पाने, जॅक, मल्टिमीटर सगळं हाय. जरा लवकर सांगा.

शिरोली_टर्नर:
गाडी कुठली? इंजिन कुठलं? सेल्फ मारताना सायलेन्सरमधनं धूर येतो का? कुठल्या रंगाचा? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार भावा.

कळेकर_शेती:
कुठली गाडी यानं काय फरक पडतोय, डिझेल सगळीकडं सारखंच की. २००५ ची हाय, डीआय (डायरेक्ट इंजेक्शन), चार सिलिंडर, टर्बो न्हाय, कॉमन रेल न्हाय, जुना साधा पंप. धूर बघितला न्हाय, पहाटे अंधार असतोय आणि मी सेल्फ मारत आत बसलेला असतो.

शिरोली_टर्नर:
मग उद्या घरातल्या कुणालातरी टॉर्च घेऊन मागं उभं कर. सगळ्यात पहिली तपासणी ही आणि फुकटातली. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय पण पेट घेत नाही, म्हणजे हीटर (सिलिंडर आधी तापवणारा प्लग), कॉम्प्रेशन (आतल्या हवेचा दाब), टायमिंग (डिझेल उडायची वेळ) यातलं काहीतरी. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. दोन्ही रोग वेगळे, औषधं वेगळी. हे न बघता जो फिटर इंजिन उतरवा म्हणतो त्याच्याकडं परत जाऊ नको.

वारजे_डिझेल:
नमस्कार. माझ्या अनुभवानुसार सकाळी गाडी चालू न होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हीटर प्लग असतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, प्लगची वायर काढा, प्लगचं टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यात रीडिंग घ्या. चांगला प्लग साधारण एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, जळालेला प्लग काहीच दाखवत नाही. माझ्या गाडीचे चारही बदलले आणि प्रश्न कायमचा मिटला. तुम्हीही सरळ चारही बदला.

शिरोली_टर्नर:
साहेब, तो डीआय म्हणतोय. जुन्या डीआय इंजिनात बऱ्याच वेळा हीटर प्लग नसतातच, डिझेल थेट पिस्टनच्या खड्ड्यात पडतं त्यामुळं आपल्याकडच्या थंडीत गरज लागत नाही. हीटर लागतात ते मुख्यतः जुन्या प्री-चेंबरवाल्या, म्हणजे डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटवणाऱ्या इंजिनांना. नसलेली वस्तू बदलायला सांगू नका.

वारजे_डिझेल:
"बऱ्याच वेळा" म्हणजे नेहमी नव्हे. काही डीआयलाही असतात. आधी आहेत का ते बघा एवढंच माझं म्हणणं, वाद घालायचा नाही.

बाराचाकी:
दादा थंडीत डिझेल घट्ट होतंय, टाकीत दोन लिटर रॉकेल ओत, नायतर एअर फिल्टरच्या तोंडात स्टार्टिंगचा स्प्रे मार, एका झटक्यात उचलती बघ. आमचे ड्रायव्हर हेच करतात.

जुना_फाउंड्रीवाला:
असलं काही करू नका. कोल्हापूरच्या थंडीत डिझेल घट्ट होत नाही. पंपाच्या आतले प्लंजर डिझेलच्याच चिकटपणावर चालतात, रॉकेल मिसळलं की ते घासतात, मग मात्र खरोखर पंप लॅबला जातो. आणि स्प्रे तर हीटर असलेल्या गाडीत मारायचाच नाही, तापलेल्या प्लगवर तो हवा आत यायच्या वाटेत, मॅनिफोल्डमध्येच भडकतो. नसलेल्या गाडीतसुद्धा त्याची सवय लागली की पिस्टन आणि रिंगांवर ठोके बसतात.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर आयुष्य काढलं. एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या इंजिनाची टाकी इंजिनाच्या वर असते, डिझेल आपल्या वजनानं खाली येतं. तिथं गळती असली की डिझेल ठिबकतं आणि लगेच दिसतं. गाडीची टाकी खाली, इंजिन वर, फीड पंप डिझेल ओढून घेतो. या ओढायच्या बाजूला भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. शहाळ्याची नळी वरच्या अंगाला चिरली तर कितीही ओढलं तरी तोंडात हवाच येते, पाणी सांडत मात्र नाही. म्हणून "पाइप कोरडा आहे, गळती नाही" म्हणून जो सोडून देतो तो फसतो.

एमएच०९_प्रवासी:
एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करताय? सीएनजीची छोटी घ्या. ट्रान्सपोर्ट गाडी आठ वर्षांच्या पुढं गेली की दरवर्षी फिटनेसला न्यायची, गाडी जुनी होत गेली की फी पण वाढते. माझ्या मेव्हण्यानं विकली, आता निवांत आहे.

कळेकर_शेती:
विकायची का हे विचारलंच न्हाय मी. फिटनेस झालाय.

धूर बघितला. पोरगा मागं उभा होता, एक थेंब धूर न्हाय. मग डिझेल वर चढवायचा फीड पंपावरचा हातपंप मारला भरपूर, घट्ट लागेस्तोवर, आणि सेल्फ मारल्यावर लगेच उचलली. एकदा चालू झाली की दिवसभर हाफ सेल्फला चालू होती.

शिरोली_टर्नर:
अरे मग हातपंपानं चालू होते हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतंस की! रोग अर्धा सापडला. रिंगा, कॉम्प्रेशन, टायमिंग सगळं सुटलं, रिंगा गेल्या असत्या तर हातपंपानं काय फरक पडला असता. रात्रभरात डिझेल मागं टाकीत उतरतंय आणि पाइपात हवा भरतेय.

आता बघायचं एवढंच: फीड पंपाचे बेंजो बोल्ट (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) आणि त्यांचे तांब्याचे वॉशर (जुने परत लावले असतील तर नवीन टाक, दहा-वीस रुपयांची वस्तू), फिल्टर बदललायस तर त्याच्या वरचा रबरी ओ-रिंग नीट बसलाय का, आणि चॅसिसवरनं टाकीकडं जाणारा रबरी पाइप. क्लिपाच्या खाली बघ, तिथंच चिरतो.

बाराचाकी:
फीड पंपातला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल मागं जाऊ न देणारा) गेला असणार. आमच्या गाडीला तोच होता. स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह बदलला, काम झालं. पाइप बघत बसायची गरज न्हाय.

शिरोली_टर्नर:
व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तरी डिझेल मागं जातं, बरोबर आहे. पण हवा आत शिरायला वाट पाहिजे. पाइपाचं वरचं टोक बोटानं दाबून धरलं की आतलं पाणी खाली पडत नाही ना, तसंच. आधी वाट शोध.

बाराचाकी:
आम्ही वीस वर्षं गाड्या चालवतोय हो, पुस्तकातलं नका सांगू.

कोडोलीची_सून:
माझ्या सासऱ्यांची दुधाची गाडी आहे, सगळी दुरुस्ती दारात होते त्यामुळं बघून बघून थोडं कळतं. दादा एक विचारते, रोजच पहाटे त्रास होतो का टाकीत डिझेल कमी असलं की जास्त होतो? आणि चढाला कधी गाडीचा जोर जातो का?

कळेकर_शेती:
ताई हे तुम्ही कसं ओळखलं. टाकी फुल असली की पहाटे एका सेल्फला उचलती. अर्ध्याच्या खाली गेली की त्रास. मला वाटलं योगायोग असंल म्हणून लिहिलं न्हाय. आणि वैभववाडीला माल टाकून रिकामा परत येताना करूळ घाटात जोर जातोय, धक्के देत चढती. तो त्रास मी फिल्टरचा समजत होतो, फिल्टर त्याच्यासाठीच तर बदलला.

घाटवाट:
करूळनं येतोस का भुईबावड्यानं? पावसाळ्यात दोन्हीकडं दरडी असतात, रात्रीचा एकटा रिकामी गाडी घेऊन येत जाऊ नको भावा. गाडी बंद पडली की तिथं मोबाईलला रेंज पण धड नसते.

कोडोलीची_सून:
मग बाहेरच्या पाइपापेक्षा टाकीच्या आतली उभी नळी बघा. गेजचा फ्लोट जिथं बसतो त्या प्लेटलाच डिझेल ओढायची नळी असते. ती गंजून मधेच भोक पडतं. टाकी भरलेली असली की भोक डिझेलमध्ये बुडालेलं असतं त्यामुळं काही कळत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की त्यातनं हवा ओढली जाते. आमच्या गाडीला हेच झालं होतं आणि तोपर्यंत फीड पंप बदलून झाला होता.

जुना_फाउंड्रीवाला:
बाई, फार बरोबर बोललात. आता अंदाजावर टाकी उतरवू नका, खात्री करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, बॉनेट उघडून फीड पंपापेक्षा उंचावर पक्का बांधून ठेवा, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून काढून त्याचं तोंड बुचानं बंद करा आणि कॅनमधनं नवा पारदर्शक पाइप फीड पंपाला जोडा. हातपंपानं हवा काढा, गाडी चालू करून बघा, बंद करून रात्रभर तशीच ठेवा. पहाटे एका सेल्फला उचलली आणि कुठं ठिबकलं नाही तर पंप आणि फिल्टरच्या जोडातनं हवा शिरत नाही, दोष टाकीच्या बाजूला. आणि पंपाच्या किंवा फिल्टरच्या जोडाला दोष असेल तर आता डिझेल वरून येतंय म्हणून तिथं ठिबकताना डोळ्यानं दिसेल. कॅन लावून गाडी रस्त्यावर मात्र काढायची नाही.

शिरोली_टर्नर:
काका ही टेस्ट एक नंबर. आणि हवा काढताना नोझलचे नट ढिले करशील तेव्हा हात आणि तोंड लांब ठेव. नोझलच्या धारेला एवढं प्रेशर असतं की डिझेल कातडीच्या आत शिरतं, दिसायला टोचल्याएवढं आणि आत बोट सडतं. तसं काही झालं तर घरी न थांबता सरळ दवाखाना गाठायचा.

वारजे_डिझेल:
बॅटरीचं व्होल्टेजही तपासा. उभ्या गाडीला १२.६ च्या आसपास आणि सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये. नवीन बॅटरी असली तरी अर्थिंगची पट्टी गंजलेली असते.

कळेकर_शेती:
कॅन लावला. पहाटे एका सेल्फला उचलली. कुठंच ठिबकलं न्हाय. बॅटरी पण बघितली, सेल्फ फिरताना साडेदहा दाखवतीय.

बाराचाकी भाऊ, हवेची वाट टाकीच्या बाजूलाच हाय.

बाराचाकी:
बरं झालं. खर्च वाचला तुझा. मग टाकी उतरव.

कळेकर_शेती:
टाकी उतरवली न्हाय, डिझेल कमी करून वरची प्लेटच सोडली. ताईंनी सांगितलं तस्संच, नळीला गंज चढलाय आणि साधारण मधोमध भोक, सुई जाईल एवढं. बाजूला अजून एक पडायच्या बेतात हाय. आता गावातला गॅसवेल्डिंगवाला म्हणतो टाकी पण आण, आतनं गंजलीय तर खालनं एक पट्टी मारून देतो. नेऊ का? आणि नवीन नळी तांब्याची टाकली तर गंजणार न्हाय ना?

जुना_फाउंड्रीवाला:
टाकी नेऊ नका!! रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. आत डिझेलची वाफ राहते, कोपऱ्यातल्या शिवणीत डिझेल राहतं, वेल्डिंगच्या उष्णतेनं त्याची अजून वाफ होते आणि टाकी फुटते. अशा फुटलेल्या टाकीनं माणसं गेलेली मी ऐकून आहे. टाकीला गळती नसेल तर हात लावू नका, असेल तर दुसरी टाकी बघा. फक्त प्लेट आणि नळी सुटी न्या, फ्लोट काढून ठेवा, धुऊन पूर्ण वाळवून द्या, ब्रेझिंग (पितळेचा जोड) होतं.

तांबं पण नको. तांब्यानं डिझेल लवकर खराब होतं, चिकट राळ धरते आणि ती फिल्टरमध्ये जाऊन बसते. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप पण नको. साधा स्टीलचा सीमलेस (बिनजोड) पाइप, जुन्याच मापाचा. उद्यमनगरात मिळेल. खालचं टोक टाकीच्या बुडाला टेकवू नका, बोटाएवढी जागा सोडा, नाहीतर तळाचा गाळ ओढेल.

शिरोली_टर्नर:
प्लेटच्या खालचं पॅकिंग नवीन टाक, नाहीतर धुळीच्या रस्त्यावर आणि पावसात तिथनं पाणी आत जातं. तुझी नळी गंजली त्याला पाणीच कारण असणार.

एमएच०९_प्रवासी:
स्टीलची नळी टाकल्यावर फिटनेसला काही अडचण येते का? म्हणजे मॉडिफिकेशन धरतात का?

शिरोली_टर्नर:
टाकीच्या आतल्या नळीचं कोण काय धरणार. नाही येत.

कळेकर_शेती:
झालं. स्टीलची नळी ब्रेझ करून घेतली, पॅकिंग नवीन, बेंजोचे वॉशर पण बदलले. मुद्दाम टाकीत थोडंच डिझेल ठेवून रात्री लावली, पहाटे हातपंपाला हात न लावता उचलली, फ्लॉवर आणि कोथिंबीर सौद्याच्या आधी यार्डात. घाटात अजून नेली न्हाय, या आठवड्यात वैभववाडीचा माल हाय तेव्हा कळंल. ताई, काका, टर्नर भाऊ, लई उपकार झाले, पंप आणि इंजिन दोन्हीचा खर्च वाचला.

कोडोलीची_सून:
छान झालं दादा. टाकीच्या बुडाचा ड्रेन बोल्ट सोडून पाणी काढलंत का? नसेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पहाटे हलवायच्या आधी काढा, पाणी तळाला बसलेलं असतं. आधी पाणी येईल, मग लालसर डिझेल, स्वच्छ येईपर्यंत बादलीत सोडा. गंजाचा चुरा नव्या फिल्टरमध्ये जाणारच, तो महिन्याभरात परत एकदा बदला. आणि पावसाळ्यात टाकी रात्री अर्धी रिकामी ठेवू नका, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं.

कळेकर_शेती:
ड्रेन बोल्ट गोल झालाय, पाना धरत न्हाय. काय करू?

शिरोली_टर्नर:
छिन्नी-हातोडा लावू नको. पाइप पाना पातळ असेल तर धरेल. आधी गंज सोडवायचं तेल सोडून रात्रभर ठेव. गॅस लावून तापवायचं तर अजिबात नाही, टाकी आहे ती. फोटो टाक, बोल्टचं माप बघून सांगतो.